कोळशेवाला असं बोललाच नाही

ता. ९, रविवार, सकाळ

चि. टिटवीस,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेली काचेची पाटी मिळाली. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, पण ठीक काही नाही. मी तुझ्यावर रागावलो आहे. फोन करणार होतो, पण फोनवर माझा आवाज चढतो, मग तू "बरं, आजोबा" म्हणतेस आणि त्या "बरं"पुढे माझं काही चालत नाही. कागद मध्येच बरं म्हणत नाही, म्हणून पत्र. अक्षर लावून वाच. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना "आता खालची ओळ वाचा" म्हणतेस, मग माझ्याही ओळी वाचायला हरकत नसावी.

तुझ्या खोलीतल्या गिझरची झडप तपासून घेतलीस का? मागे दोनदा विचारलं, दोन्ही वेळा विषय बदललास. पाणी तापतं तिथे वाफ होते आणि वाफेला बाहेर जायला वाट लागते. हे मी गमतीने सांगत नाही.

पाटी मी स्टीलच्या ताटात ठेवून चार्ज करतो. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई हसल्या. म्हणाल्या, "ताटात कशाला, काका?" मी म्हटलं, "फुटली तर?" त्या म्हणाल्या, "फुटली तर ताट काय वाढून घेणार आहे?" हसू देत. कपडे धुण्याच्या कारखान्यात मी जन्मभर बॉयलर सांभाळला, एकदाही फुटला नाही, तो हसण्यामुळे नव्हे.

आता रागाचं. पाटीबरोबर तू चिठ्ठी पाठवलीस: "आजोबा, आपली आगबोट आता मराठीत बोलते. सगळे भाग आत घातले आहेत. आता तुम्हाला माझी गरज नाही. या सुट्टीत यायला जमणार नाही. आधी पहिले भाग बघा, मग आपण बोलू." ही चिठ्ठी मी नर्सबाईंना दाखवली नाही. दाखवली असती तर त्या म्हणाल्या असत्या, किती गुणी नात. गुणी कसली. गरज नाही म्हणे. गरज आहे की नाही हे ज्याचं त्याला ठरवू द्यावं.

मंगळवारी दुपारी शिंप्याला बोलावलं. त्याने नातवांबरोबर टीव्हीवरची ती जपानी चित्रांची आगबोट शेवटपर्यंत पाहिली आहे आणि तो मला नेहमी सांगतो की खरी मजा पुढे आहे, बोट मोठी होते, लढाया होतात. मला ते कधीच पटलं नाही. मी त्याला म्हणायचो की पहिल्या दहा-बारा भागांत जे आहे ते पुढे कुठेच नाही. पुढे नुसती आरडाओरड. एक माणूस डोंगराएवढा होतो, मग दुसरा त्याच्याहून मोठा होतो, आणि बोटीवर जेवायला, कपडे वाळत घालायला कोणाला वेळच नाही. सुरुवातीला कसं, बोट आपल्या स्वयंपाकघराएवढी. पाच माणसं. छत गळायचं, कोळसा संपायचा, बुटकी पोरगी डेकवर बसून बटाटे सोलायची. मला वाटायचं आपण त्या बोटीवरच आहोत, फक्त आपल्याला कोणी काम सांगत नाही.

तर शिंपी आला, चहा झाला, पाटी लावली. मी त्याला म्हटलं, "आता नीट ऐक. कोळशेवाला म्हातारा बुटकीला बॉयलरपाशी नेईल आणि म्हणेल, आधी पाणी बघ, मग आग लाव."

कोळशेवाल्याने तिला बॉयलरपाशी नेलं. खोकला. आणि "हं" म्हणाला.

"झालं?" शिंपी म्हणाला.

"थांब. अजून बोलायचाय."

कोळशेवाला परत खोकला.

"खोकल्याचं मराठी बरं जमलंय," शिंपी म्हणाला.

मी भाग मागे नेला. परत लावला. परत "हं". तेव्हा शिंप्याने मला सांगितलं की कोळशेवाला पुढेही बोलत नाही, कारण पुढे तो हेर निघतो आणि शत्रूला बोटीची वाट दाखवून मधल्याच एका बेटावर उतरून जातो. "तू कोणता कोळशेवाला पाहिलास कोण जाणे," तो म्हणाला. "तुझ्या नातीने तुला वेगळीच बोट दाखवलीय."

टिटवे, मी कारखान्यात सगळ्यांना सांगितलं होतं. जेवणाच्या सुट्टीत, डबे उघडे असताना. जपानी चित्रातला बॉयलरवाला अगदी माझं वाक्य बोलतो, आधी पाणी बघ, मग आग लाव, म्हणजे जगात कुठेही जा, बॉयलरवाला तो बॉयलरवाला. पाळीचा मुकादम मला 'जपानी' म्हणायला लागला, निवृत्त झालो त्या दिवशीही जपानीच म्हणाला, आणि मी छाती काढून फिरलो. ते वाक्य माझंच होतं. तू घरात ऐकलेलं माझ्याच तोंडात परत घातलंस आणि मी टाळ्या वाजवल्या. एवढंसं पोर तू, टीव्हीवर खाली येणारी मराठी अक्षरं तुला लावून वाचता येत नव्हती, ओळ पळून जायची, तर सांगायचं की आजोबा, ओळ पळाली. मलाही पळायची. दोघं मिळून बसलो असतो.

आणि कोळशेवाला रात्री बुटकीच्या अंगावर कोट घालतो तेव्हा काय म्हणाला होता तुझ्या तोंडून? "थंडी बोटीला लागते, माणसांना नाही." मला ते एवढं आवडलं होतं की हिवाळ्यात मी तेच म्हणत कामावर जायचो. मराठीत तो काहीच म्हणत नाही. कोट घालतो आणि तिच्या खिशातला नकाशा काढून घेतो.

पहिल्या भागात अजून एक जागा आहे. कप्तान बुटकीसमोर गुडघ्यावर बसतो आणि तिला एक गोष्ट सांगतो. ती या पाटीत एका माणसाने मोठ्या, खणखणीत आवाजात सांगितली. मी ती इथे लिहीत नाही. तुला माहीत आहे. तो बोलला आणि मी उठलो.

"कुठे चाललास?" शिंपी म्हणाला.

"पाणी बघायला."

"नळ बंद आहे की."

"बंद आहे का तेच बघायला."

मी नळापाशी उभा राहिलो. परत आलो तोवर शिंप्याने पाटी ताटात पालथी घातली होती आणि तो स्वतःच्या सदऱ्याचं बटण ओढून बघत होता, जणू ते तुटलं होतं. मग म्हणाला, "तुझ्या पोरीचं नाव काढत नाही मी कधी. पण तू तरी किती दिवस नळाकडे जाणार?" मी त्याला घरी पाठवलं. चार दिवस तो आला नाही. तोही राग तुझ्याच खात्यावर.

तू शाळेत घालायच्या वयाची होतीस तेव्हा माझ्याकडे आलीस. एक पिशवी आणि आईची लोकरी टोपी, तुला मोठी व्हायची ती. घरात तुझ्या आईबद्दल कोणी एक शब्द काढला की मला तहान लागायची. मी उठून नळ सोडायचो. लोक गप्प व्हायचे. मग लोकांनी काढणंच बंद केलं, आणि तू तर कधी काढलंच नाहीस. मला वाटायचं पोर आहे, विसरली. आपण संध्याकाळी टीव्हीसमोर बसायचो, ती माणसं जपानीत बोलायची, खाली अक्षरं यायची, आणि तू टोपी घालून सगळ्यांचे आवाज काढायचीस. कप्तानाचा जाड, बुटकीचा तुझाच, कोळशेवाल्याचा माझा.

तुझ्या आगबोटीत बुटकीची आई पुढच्या बंदरावर कामाला गेली होती. "तिला उशीर होईल," कप्तान म्हणायचा. म्हणून बोट निघाली होती. शिंपी म्हणतो बोट मीठ पोचवायला निघाली होती. मीठ. मी दर भागाला नवं बंदर आलं की पुढे सरकून बसायचो. धक्क्यावर बायका दिसायच्या, टोपल्या घेतलेल्या, छत्र्या घेतलेल्या, आणि मी त्यातली एकेक बघायचो. तूही बघायचीस. मग तू वाचायचीस, "इथे नाही, पुढच्या बंदरावर," आणि मला वाईटही वाटायचं आणि बरंही वाटायचं. तसं मला त्यानंतर कशात वाटलेलं नाही.

मग तू मोठी झालीस, भरभर वाचायला लागलीस. जे असेल ते. एकही ओळ सोडायची नाहीस. आणि गोष्ट बिघडली. आईला शोधायचं सगळे विसरले. बुटकीसुद्धा. मी त्या जपानी लोकांना काय काय बोललो आहे, तुला आठवत असेल. मी तुला विचारलंसुद्धा, "अगं, हिच्या आईचं काय झालं?" तू म्हणालीस, "येईल पुढे." आणि दप्तर आवरायला लागलीस. त्यानंतर आपण पुढचे भाग लावलेच नाहीत. मी म्हणालो मला कंटाळा आला. तू म्हणालीस मलाही.

इतकी वर्षं मी सांगत आलो की सुरुवात करणारे कारागीर चांगले होते, पुढे दुसऱ्या कोणाच्या हाती काम गेलं. ते खरंच होतं म्हणायचं. फक्त ते कारागीर जपानला नव्हते.

तू म्हणशील, आजोबा, मग रागावलात कशाला. सांगतो. शाळकरी पोरीने म्हाताऱ्याला सांभाळायचं नसतं. तुला रडू आलं असेल तर ते तू कुठे ठेवलंस? कोणाच्या बंदरावर? माझ्यासमोर बसून, माझ्याकडे बघत, आई पुढे आहे, पुढे आहे असं रोज वाचायचं, आणि मी वेड्यासारखा धक्क्यावरच्या बायका बघतोय. या गोष्टीचा मला इतका संताप येतो की मंगळवारपासून जेवण गेलेलं नाही. आणि आता त्या सगळ्याचं उत्तर म्हणून पाटी पाठवतेस. मराठीत सगळं खरंखरं आहे, आजोबा, एकट्याने ऐका, मग बोलू. एका परक्या माणसाकडून माझ्या घरात ते वाक्य बोलून घेतलंस. तुला स्वतः सांगता येत नव्हतं म्हणून. हे मला कळलं नाही असं समजू नकोस. निम्मी शाळा झाली असली तरी एवढं कळतं.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहितो.

त्या दिवशी, पहिल्या भागाला, ओळ पळाली नव्हती. कप्तान बोलून गप्प बसला होता, बुटकी त्याच्याकडे बघत होती, आणि अक्षरं बराच वेळ खाली थांबली होती. तीनच शब्द होते. 'तुझी' मला वाचता येतं. 'आई' वाचता येतं. तिसरा शब्द दोन अक्षरांचा होता. बॉयलरच्या खोलीत दारावर 'धोका' लिहिलेलं असायचं, तेवढाच लांब. तेवढं मी वाचतो.

मी वाचलं होतं, टिटवे. मेली, असं लिहिलं होतं. मी उठणारच होतो. गुडघ्यावर हात टेकला होता. तू टोपीखालून माझ्याकडे बघितलंस, हाताकडे बघितलंस, आणि कप्तानाच्या आवाजात म्हणालीस, "तुझी आई पुढच्या बंदरावर कामाला गेलीय. तिला उशीर होईल." मी हात काढला आणि बसलो. त्या संध्याकाळी मी नळाकडे गेलो नाही. तुला आठवत असेल, तू एवढी चांगली वाचलीस म्हणून मी तुला साखर घालून दूध दिलं होतं.

तेव्हा मला फसवलंस असं म्हणायचा मला अधिकार नाही. कोळशेवाल्याच्या बाबतीत तेवढं फसवलंस. ते वेगळं.

पाटीचा आवाज बंद करायला मी नर्सबाईंकडून शिकलो. खाली अक्षरं आणायलाही शिकलो, कोपऱ्यात एक खूण आहे ती दाबायची. तो खणखणीत माणूस आता माझ्या घरात बोलणार नाही. तुझ्या मालकाला सांग, आजोबा हट्टाला पेटलेत, आणि दोन-तीन दिवसांची रजा घे. नाही दिली तर सांग आजोबांना कमी दिसायला लागलंय, तुमचंच गिऱ्हाईक आहे. तू ये. पहिला भाग लावू. आधी तुझी आगबोट वाच, सगळे आवाज काढून, कोळशेवाल्याला त्याची वाक्यं परत दे. मग त्याच भागाला परत सुरुवात कर आणि जे लिहिलंय ते वाच. कप्तानाचं तेही वाच. तुझ्या आवाजात वाच, त्याच्या नको. मग तुझ्या आईचं जे काय तुला इतकी वर्षं बोलायचं असेल ते बोल. तिचं नाव घे. रडायचं असेल तर रड, आपलं घर आहे. मी उठणार नाही. पिण्याचं पाणी आधीच भरून जवळ ठेवीन.

लोकरी टोपी कपाटात आहे. मी तिला वाळवी, कसर काही लागू दिलेली नाही. आता तुला नीट बसेल.

येताना गिझर बंद करून ये.

पुढच्या बंदरावर थांबलेला,
तुझा आजोबा