हलकासा उतार

तीर्थरूप बाबा,

आज नमस्काराआधी बातमी सांगते. मी जिंकले!

मालकांना मी आखत असलेल्या गोल्फच्या मैदानात कारंजी, धबधबा असं बरंच काही हवं होतं. मी जमीन होती तशीच राखली. फक्त चेंडू ज्यात घालायचा त्या शेवटच्या खळग्याजवळ जेमतेम जाणवेल असा उतार दिला. "यात तुम्ही केलंत काय?" म्हणत ते मला काढायलाच निघाले होते. तेव्हा तुम्हाला मुद्दाम कळवलं नाही.

काल उद्घाटनाला आलेल्या नामवंत खेळाडूचा चेंडू त्याच उतारावरून अलगद बाजूला गेला. तो खळखळून हसला आणि पुन्हा पुन्हा तोच फटका मारत अंधार पडेपर्यंत तिथून हलेना. मालक हळूच म्हणाले, "पुढचं मैदानही तुम्हीच करा. मी मध्ये बोलणार नाही."

तुमचा खोकला कसा आहे? आईला सांगा, काल मला गाढ झोप लागली.

तुमची हट्टी,
धाकटी