मेतकुटाच्या पाकिटावरची ओळ

आई, काल ती अंबत्तूरहून माझ्याकडे आली होती. तुझ्याकडे भाजायला-दळायला यायची, तीच. आता तिचा स्वतःचा छोटा कारखाना आहे, चार बायका हाताखाली आहेत, आणि तुझं मेतकूट ती पाकिटात भरून विकते. मी खाण्याच्या वस्तूंची लेबलं नियमाप्रमाणे तपासून देते. हे काम तू गेल्यावर सुरू केलं.

पाकिटावर ठसठशीत छापलं होतं, ‘मधुमेह बरा होतो’. मी लाल पेन फिरवलं. घरी तमिळ बोलणारी ती तुझ्याकडून उचललेल्या मराठीत म्हणाली, “अक्का, अम्मा सगळ्यांना सांगायच्याच की, मेथी आहे, शुगर उतरते.” माझ्या मुलीपेक्षा बरं बोलते. मी म्हटलं, “छापलं की तो दावा होतो. वाचून कुणी औषध बंद केलं तर?” ती हसली. “अम्मांनी तरी गोळ्या कुठे धड घेतल्या!” तुझ्या गोळ्यांचंही तिला ठाऊक, याचाच मला राग आला.

वेलचेरीच्या तुझ्या घरातलं स्वयंपाकघर आठवतं. मी कढईपाशी बसलेय, उडदाची डाळ काळी पडतेय, आणि तू माझ्या हातातून कालथा काढून घेतेस. “तू ऑफिसात फायली भाज. ऊठ, तिला बसू दे.” ती बसते. तिच्या हातावर तुझा हात, दोघी मिळून डाळ हलवताय. माझ्या हातावर तू तसा कधी ठेवला नाहीस. शेवटी तो पितळी कालथाही तिलाच दिलास.

पाकिटावर खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती, ‘अम्मांनी शिकवलेलं’. मी तीही खोडली. मधुमेहाच्या ओळीवर तिचं निम्मं गिऱ्हाईक येतं, तरी ती ओळ खोडली तेव्हा ती हसली होती. आता मात्र पाकीट हातात धरून बसली. “अक्का, हे तर खरं आहे ना?” मी म्हटलं, “नियम आहे.” “तुम्ही सांगता म्हणजे असेलच. उद्या संध्याकाळी छपाईला देते.” जाताना मेतकुटाचं एक पाकीट ठेवून गेली.

आज दुपारी ते गरम भातावर घेतलं, वर तूप. तुझीच चव. माझ्या हाताला ती कधी आली नाही. ताट पुसून जेवले.

‘अम्मांनी शिकवलेलं’ छापू नये असं नियमात काही नाही, आई. तुला लिहिणं सोपं, पाठवायचं नसतं. ऊन गच्चीवरून उतरलंय. तिला मी अजून फोन केलेला नाही.