ढवळीच्या पोटातली सोनेरी अंडी

तीर्थरूप ताईस धाकट्याचा वाकून नमस्कार.

तुझं पत्र, फोटो आणि चष्म्यावर अडकवायच्या काचा, सगळं नीट पोचलं. गुडघे कसे आहेत? (हे रीत म्हणून विचारतो, खरी काळजी मला तुझ्या यकृताची वाटते. फोटोत चेहरा चांगलाच पिवळा दिसतोय. तपासून घे. शिवाय केसांना सोनेरी रंग लावलास, तोही या वयात. असो, केस तुझे.) रात्री समोरच्या गाडीचे दिवे डोळ्यांवर येऊ नयेत म्हणून तू त्या काचा पाठवल्यास, पण मी त्या दिवसाही लावतो. चांगली वस्तू अर्धा दिवस पडून राहावी हे मला पटत नाही. बाकी आमचं ठीक. भिंती रंगवून घेतल्या. रंगाऱ्याला पांढरा सांगितला होता, त्याने पिवळा फासला. पुन्हा द्यायला लावला, तर पुन्हा पिवळाच. आता तो रस्त्यात दिसला तरी मान फिरवतो.

आता तुझ्या गाईविषयी. मुलाकडे राहायला जाताना ढवळी माझ्या हवाली करून तू म्हणाली होतीस, हिला काही झालं तर मला तोंड दाखवू नकोस. म्हणून पत्र पाठवतोय. ती आता बरी आहे हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. झालं असं की तिचं शेण पातळ झालं आणि दूध आटलं. दुसऱ्या कुणी धावत डॉक्टर गाठला असता. पण मी कुणाच्या शिकवणीशिवाय, निव्वळ पुस्तकं वाचून शेणाची तपासणी शिकलेला माणूस. बंद पडलेल्या शाळेचा मायक्रोस्कोप घरात आहे तो काय शोभेला? शेण पाण्यात कालवून गाळलं, निवू दिलं, वरचं पाणी ओतलं, असं पाणी नितळ होईपर्यंत केलं. (घाई करणाऱ्याने या धंद्यात पडू नये.) तळाच्या गाळात निळ्या रंगाचा थेंब टाकला. त्याने काच हिरवी दिसते. पुस्तकात निळी म्हटलंय, ती छपाईची चूक; मी पेन्सिलीने दुरुस्त केली.

काचेवर अंडीच अंडी. आता बारकाईने वाच. जनावराच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात एक जंत राहतो, यकृतात दुसरा. दोघांची अंडी घाटाने जवळजवळ सारखी. पोटातल्याची पाण्यासारखी स्वच्छ, यकृतातल्याची सोनेरी. ढवळीची सोनेरी होती. त्यात तिचं पांढरं अंगसुद्धा पिवळसर पडलेलं. निदान पक्कं. यकृताच्या जंताचं औषध दिलं. ढवळी आणखी खंगली.

तेवढ्यात दूध संस्थेच्या चिटणीसाने मला न विचारता गुरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. (शाळेत तुझ्याच हाताखाली शिकलेली, दोन वेण्यांवाली.) तिने माझ्याच मायक्रोस्कोपात डोळा घालून सांगितलं, "काका, ही काचेसारखी स्वच्छ आहेत. पोटातला जंत आहे. तुमच्या औषधाने त्याला गुदगुल्यासुद्धा व्हायच्या नाहीत." मी म्हटलं, "बाई, आधी डोळे तपासून घ्या." संस्थेत दूध घालायला आलेली मंडळी चिटणीसामागोमाग घरात येऊन भोवती जमलीच होती. त्यांच्यादेखत मी सांगून टाकलं की अंडी सोनेरी नसतील तर हा मायक्रोस्कोप तुमच्या दवाखान्याला दिला. चिटणीस वाकला. म्हणाला, "पाणीच आहे की हो." मग एक म्हातारी वाकली, जिला समोरची म्हैस दिसत नाही. तिलाही पाणीच दिसलं! एकजूट किती असावी माणसांत? डॉक्टरीणबाईंनी दुसरं औषध दिलं आणि ढवळी उठून चरायला लागली. म्हणजे गायही त्यांनाच सामील. शब्द तो शब्द. मायक्रोस्कोप मी स्वतः पुसून, फडक्यात गुंडाळून दवाखान्यात नेऊन दिला. मला त्याचं काही वाटत नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. टेबलाचा तो कोपरा फार मोकळा दिसतो. डॉक्टरीणबाई तुझा शब्द मोडणार नाहीत. दवाखान्यात त्यांचा एक मायक्रोस्कोप आहेच. दोन ठेवून दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळं पाहणार आहेत का? चार ओळी लिहून पाहा. मी सुचवलं असं दिसू देऊ नकोस.

ता. क. आणखी. हे लिहीत असताना तुझ्या भावजयीने "केवढी धूळ बसलीय" म्हणत माझ्या चष्म्यावरच्या काचा पुसायला काढल्या आणि भिंती एकदम पांढऱ्या झाल्या. काचा उजेडात धरल्या. पिवळ्या आहेत. तशा पाठवताना एक शब्द कळवायला काय झालं होतं? रंगाऱ्याकडे उद्या जाऊन येतो. पुस्तकातली पेन्सिल खोडली. डॉक्टरीणबाईंना लिहिशील त्यात काचांचा विषय काढू नकोस.

ता. क. शेवटचं. तुझा फोटो खिडकीशी नेऊन पुन्हा पाहिला. यकृत राहू दे, चेहरा छान आहे. आणि केस तू रंगवलेले नाहीस. ताई, इतके पांढरे कधी झाले?