कुंपणालगतच्या घरट्यासमोर तंबू न लावण्याबाबत

दि. १४ एप्रिल

प्रति,
मा. उद्यान अधीक्षक,
तळ्याकाठचे सार्वजनिक उद्यान,
मुख्य इमारत, पहिला मजला.

विषय: कुंपणालगतच्या बुलबुलांच्या दुसऱ्या घरट्यासमोर येत्या रविवारी छायाचित्रणाचा तंबू लावण्यास दिलेली परवानगी रद्द करणेबाबत.

संदर्भ: १) माझा मागील महिन्यातील अर्ज. २) त्यास आपल्या कार्यालयाने दिलेले उत्तर. उत्तर म्हणण्याची पद्धत आहे म्हणून म्हणतो.

महोदय,

वरील विषयास अनुसरून नम्रपणे कळवितो, की मी उद्यानाच्या मागील दारासमोर शिवणकाम करतो. आपण व आपले पक्षीछायाचित्रण मंडळ ज्या हिरव्या-तपकिरी तंबूत लपून पक्ष्यांचे फोटो काढता, तो मी शिवला आहे. खिडकीचे माप बरोबर बसते का हे पाहायला मी पहिल्यांदा त्यात एकटाच बसलो, तेव्हा बुलबुल चोचीत काडी घेऊन दोन हातांच्या अंतरावर येऊन बसली. मी तिला दिसलोच नाही. आतल्या आत मी हात जोडले. असे दर्शन आपल्या हातच्या शिवणीतून घडावे, याचा मला फार आनंद होता. तो आपल्या मंडळाने फार दिवस टिकू दिला नाही.

अंड्यांतून पिल्ले बाहेर आल्यावर आपण कॅमेरा घेऊन तंबूत बसलात. खिडकीची चेन अडकली म्हणून मलाही बोलावले होते. घरट्यावर झुकलेली पानांची फांदी आपल्या फोटोत येत होती. आपले सहायक मला म्हणाले, "मास्तर, कातर द्या जरा. मध्ये कचरा येतोय." मला वाटले, तंबूचा एखादा धागा लोंबत असेल. मी दिली. कापडाची कातर मी घरात कागदालाही लावू देत नाही. ती त्यांनी फांदीला लावली. महोदय, लपणे हे त्या तंबूचे एकमेव काम आहे. बाहेर येऊन फांद्याच तोडायच्या, तर मग आपण लपता तरी कोणापासून?

पुढचा प्रकार आपण स्वतःच टिपला आहे. भर दुपारी बुलबुल घरट्याच्या काठावर उभी, दोन्ही पंख पसरलेले, चोच उघडी. या फोटोला खात्याच्या प्रदर्शनात पहिले बक्षीस मिळाले, आणि 'आशीर्वाद' अशा पाटीसह तो आपल्या खुर्चीमागे टांगला गेला. अर्जाची चौकशी करायला मी आलो तेव्हा पत्नी सोबत होती. तिने फोटो एकदाच पाहिला आणि सर्वांसमक्ष म्हणाली, "आशीर्वाद कसला डोंबलाचा! सावली धरलीय तिनं पोरांवर. दवाखान्याबाहेरच्या रांगेत मी धाकट्याच्या डोक्यावर पिशवी धरली होती, तश्शी." त्यावर आपले सहायक उत्तरले, "काकू, कलेतलं कळायला नजर लागते." अजूनही चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवणाऱ्या बाईला त्यांनी हे ऐकवले.

मी कीर्तनात बसणारा माणूस आहे. बुवा एका ओळीवर दोन तास गातात, पण ती ओळ आधी नीट वाचतात. आपल्याकडे ओळ न वाचताच निरूपण झाले आणि वर बक्षीसही मिळाले. तोवर दोन पिल्ले उन्हाने गेली होती. तिसरे उघड्यावर दिसताच कावळ्याने नेले.

फांदीचे, फोटोचे आणि पिल्लांचे मी मागील अर्जात लिहिले होते. त्यावर आपल्या कार्यालयाने कळविले, की (अ) सदर फांदीची नोंदवहीत नोंद नाही, सबब ती तोडली गेली असे म्हणता येत नाही. (ब) पक्ष्यांकडून तक्रार प्राप्त नाही. (क) फोटोवरील काच पुसून घेण्यात आली आहे. काचेबद्दल मी चकार शब्द काढला नव्हता. एवढे लिहायला एक, तपासायला दुसरा आणि सही करायला आपण अशी तीन शहाणी माणसे खपली, याची कीव आली.

आता त्याच जोडीने जुन्या घरट्यापासून बारा पावलांवर पुन्हा घर मांडले आहे. एकाच्या शेपटीत एक पीस कमी आहे, त्यावरून ओळखतो. काल अंडी फुटली. तीन पिल्ले आहेत, डोळेही उघडलेले नाहीत. आणि फलकावर आपली सूचना लागली आहे: रविवारी पंधरा सदस्यांनी पाळीपाळीने तंबूत बसावे, "दृश्य आधी मोकळे करून घेण्यात येईल." म्हणजे कोणीतरी पुन्हा कातर मागणार.

पहिल्या वेळची कातर माझी होती. त्याचा जाब मी रोज देवापुढे उभा राहून देतो, आपल्यापुढे देणार नाही. आपणास विनंती एवढीच, की रविवारची परवानगी रद्द करावी, आणि पिल्ले उडून जाईपर्यंत त्या कुंपणाकडे कोणी फिरकू नये.

आपला निर्णय रविवारपूर्वी येईल असे मानण्याइतका मी भाबडा नाही. सुदैवाने तंबू दुरुस्तीसाठी माझ्याकडेच आला होता. त्याच्या चारही खिडक्या मी दुहेरी टीप घालून शिवून टाकल्या आहेत. दार मात्र उघडे ठेवले आहे. ज्यांना लपायचे असेल त्यांनी आत बसून खुशाल लपावे.

आपला, सवयीने नम्र,
(सही)
तंबूचा शिंपी

सोबत:
१) तोडलेली फांदी, वाळलेली. आपल्या टेबलावर मावेल अशा बेताची.
२) कातर, बोथट, एक नग. परत नको.