साखरशेतच्या कुडावरची लाल मोटार

५ एप्रिल १९९८
'मोखाड्याच्या शिक्षकांनो, आपलं दुखणं एकच आहे. बाहेरून येणारा प्रत्येक जण इथून काहीतरी उचलून नेतो, आणि आपण त्याला चहा पाजून निरोप देतो.' आजच्या सभेत अशी सुरुवात केली. लग्नात बायका तांदळाच्या पिठाने रेखतात तो चौक घराच्या भिंतीवरून काचेआड गेला की मेला, असंही म्हणालो. टाळ्या. खिशात मुंबईचं पत्र. जुनी छापील चित्रं जमवणारा एक गृहस्थ, गुरुवारी येतो म्हणतो. त्याला पहिलं पत्र मीच टाकलं होतं.

६ एप्रिल
का टाकलं, ते लिहून ठेवतो. साखरशेतला सोमाच्या घरी कारवीच्या कुडावर, म्हणजे काठ्यांच्या सारवलेल्या भिंतीवर, एक चित्र डकवलेलं आहे. मोटारीची जाहिरात, शिळाछाप, माझ्या जन्माआधीची. लाल गाडी, पिवळ्या घाटाचं एक वळण, बाकी कागद मोकळा. एवढी जागा रिकामी सोडायची छाती त्या काळी किती जणांत होती? कोपऱ्यात चित्रकाराची दोन अक्षरं. छपाईवरच्या एका पुस्तकात पाहिलेली. मला ती ओळखता आली, हे कुणाला तरी कळायला हवं होतं. बस्स, तेवढंच.

७ एप्रिल
जीपने साखरशेत. सोमा माझा जुना विद्यार्थी. येत्या सोमवारी त्याचं लग्न. त्याची आई जनीबाय शेणमाती कालवत होती. चौक त्याच भिंतीवर निघणार, देवाकडची भिंत दुसरी नाही. म्हणजे गाडीवर सारवण, त्यावर गेरू.
म्हटलं, "आधी कागद काढून घेऊ."
"काढा की. सासऱ्यानी वारा येतो म्हणून डकवला, भाताच्या खळीनं. जव्हारला सायबाच्या गाड्या धुवायचा तो."
ओलं फडकं लावून कोपरा सोडवायला गेलो. कागद सुटला नाही, रंग सुटला. फडकं लाल. चित्रकाराचं एक अक्षर गेलं. माझ्या हाताने.
जनीबाय बघत होती. "भाषणात चौक लय मोठा म्हणता, गुरजी. आन् आता गाडीपायी घाम फुटला?"
बायका हसल्या. मीही हसलो.

९ एप्रिल
मुंबईचे गृहस्थ आले. चपला बाहेर काढल्या. चित्रापुढे जाऊन उभे राहिले. डोळे भरले त्यांचे. चोर असते तर सोपं होतं.
म्हणाले, "कागद निघणार नाही. कूड कापून तुकडाच नेऊ. बदल्यात विटांची पक्की भिंत बांधून देतो, लग्नाआधी."
सोमाचे डोळे लकाकले. पावसाळ्यात ओल नाही, उंदीर नाही. त्यात त्याचं काय चुकलं?
जनीबाय: "देवाकडची भिंत कापून सून कुठं उभी करू? आन् ओल्या इटंवर सारवण धरल का?"
"तुझ्या चौकाला विटा चावतात का, आये?"
"तू चूप बस. नवरदेव हाईस, गवंडी नाय."
शेवटी सोमा म्हणाला, "गुरजी सांगतील तसं करू." जनीबायनेही मान हलवली. सगळे माझ्याकडे.
जन्मभर माइक मागून घेतला. आज दोन दिवस मागून घेतले. परवा सांगतो म्हणालो. गृहस्थ जव्हारला मुक्कामी.

१० एप्रिल
जव्हारजवळच्या शिरपामाळावर जाऊन बसलो. सहलीला आलेल्यांपैकी एका शिक्षकाने ओळखलं. "सर, परवाचं भाषण जबरदस्त." पळावंसं वाटलं.
नाही म्हणालो तर चित्र शेणाखाली, कायमचं. हो म्हणालो तर त्या सभेतला शब्दन् शब्द खोटा, आणि जनीबायच्या घरात भगदाड. मधली वाट शोधतोय कालपासून. आधी फोटो काढावा? फोटोत तो कागद कसला येतो. शिवाय...

११ एप्रिल
साखरशेतच्या पहिल्या जीपने चिठ्ठी पाठवली. नक्कल:
'सोमा, पाहुणे दुपारी येतील. मीही येईन. चित्र समोर दिसलं की माझं मत फिरेल, मला माहीत आहे. तेव्हा माझी वाट पाहू नका. चिठ्ठी मिळताच भिंत सारवा.'