टाचांच्या मलमाची डबी

दादा,

रात्रपाळीहून आलास की घर रिकामं दिसेल. पहाटे आईच्या छातीत पुन्हा कळ आली, तिला दवाखान्यात ठेवलंय. तुझा फोन बंद होता, नेहमीसारखा.

डॉक्टरांनी तिचं खाणंपिणं विचारलं. मी ठसक्यात सांगितलं, तेल चमच्यानं मोजून घालते, अक्रोड आणि जवस देते, लोणी तर घरात येतच नाही. त्यांनी रक्ताचा रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला, चरबी वाढलेलीच.

आत्ता तिचे कपडे न्यायला आले होते. तिच्या टाचा फुटल्यात म्हणून उशाशी असलेली मलमाची डबी उघडली, तर आत काठोकाठ लोणी. तरीच तुझं दर आठवड्याला "आईसाठी मलम आणलंय" चालायचं आणि टाचा काही बऱ्या होत नव्हत्या. मीही शहाणी, एवढं मलम जातंय कुठे, हे कधी विचारलं नाही.

तेलतूप साफ बंद करा, असं डॉक्टर कधीच म्हणाले नव्हते. कुठलं आणि किती, एवढंच बघायला सांगितलं होतं. मी तेवढंच बघत होते, म्हणून शेजारीपाजारी आईला उपाशी मारणारी झाले आणि तू मायेचा लेक.

आता खरं काय ते डॉक्टरांना तूच येऊन सांग.

डोळे उघडल्या उघडल्या आईनं विचारलं, "दादा जेवला का?" म्हणून भाजी करून झाकून ठेवलीय, चमचाभर तेलातली. वर लोणी हवं असेल तर डबी शेजारीच आहे.