हौसाच्या चुलीतला ज्वालामुखी

पेण,
दि. २७ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. आनंदी हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन लावला की तुझ्या कानातलं यंत्र शिट्टी मारतं, म्हणून हा कागद. माझ्या शाळेच्या काळी चांगली बातमी कागदावरच यायची, त्यामुळे मला त्याचं दुःख नाही.

राज्याची आर्थिक गाडी रुतली आहे, उद्योगांना पोषक वातावरण कसं करावं याच्या सूचना नागरिकांनी पाठवाव्यात, असं पेपरात आलंय. मी अकरा पानं लिहिली. पहिली सात सकाळच्या प्रार्थनेवर आहेत. उद्योग आठव्या पानावर सुरू होतो.

हौसाचा खाद्यपदार्थांच्या परवान्याचा अर्ज सोबत आहे. तीस वर्षं तुझ्या दारी रानभाजी घेऊन येणारी बाई आता तुझ्याच मागच्या पडवीत सुनेला, शीतलला, हाताशी धरून भाकऱ्यांचा धंदा काढते, ही माझ्या अकरा पानांपेक्षा मोठी गोष्ट. धाटावच्या कंपनीचं कँटीन एक डिसेंबरपासून रोज तीनशे तांदळाच्या भाकऱ्या घेणार, पण परवाना हातात असेल तरच. नाहीतर सासू-सून यंदाही वीटभट्टीवर जाणार, हे तू लिहिलंस ते वाचून मला जेवण गेलं नाही.

आपल्या घराण्यातले सगळे अर्ज मीच लिहीत आलो. पण हा नमुना किती रुक्ष गं! इंधनाच्या रकान्यात नुसतं ‘लाकूड’ लिहायला माझा हात धजेना. तेहतीस वर्षं मुलांकडून कविता पाठ करून घेतल्या मी! प्रत्येक रकान्यात जीव ओतलाय. वाचून साहेब हेलावतील. तू न वाचता पाकिटात घाल, नाहीतर खोडाखोड करशील.

लोभ श्रावणातल्या वेलासारखा वाढत राहावा.

तुझा दादा,
शरद


रोहा,
दि. ८ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप दादांस कृ. सा. न. वि. वि.

साहेब हेलावले. अर्ज परत आला.

तुझं ऐकून मी तो न वाचता पाठवला, ही माझी चूक. उत्पादनापुढे तू ‘पौर्णिमेचे चंद्र’ लिहिलंस, म्हणून हौसाचा धंदा त्यांनी शोभेच्या वस्तूंत टाकलाय. पाणी कुठून, तर ‘आभाळातून’. त्या पाण्याचा तपासणी अहवाल जोडा म्हणतात. दादा, घरात नळ आहे रे! कामगार म्हणून ‘दोन माउल्या आणि त्यांच्या हाती आकाश’. आता आकाशचं आधार कार्ड मागितलंय. आणि इंधन? ‘चुलीच्या उरातला लालबुंद ज्वालामुखी’. त्यावर लाल शाईत शेरा आहे, स्फोटक पदार्थ, अग्निशमनवाल्यांचं ना-हरकत पत्र आणा.

हौसाला सगळं वाचून दाखवलं. आधी ती पोट धरून हसली. म्हणाली, गुरुजींना सांग गो बाय, मी भाकऱ्या थापते, चंद्र नाय. मग खरं ते सांगितलं. भट्टीच्या मुकादमाचा निरोप येऊन गेलाय, महिनाअखेरीस मजुरांना न्यायला ट्रक त्यांच्या वाडीवर येईल. शीतलने निम्मं सामान बांधलंसुद्धा. हे तुझ्या ज्वालामुखीनं केलंय. तूच निस्तर.

रागावले आहे, पण लोभ तुटू द्यायचा नाही हे आपलं लहानपणीच ठरलंय.

तुझी,
आनंदी


पेण,
दि. १७ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. आनंदी हिस आशीर्वाद, थोडे ओशाळलेले.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू, तिसऱ्यांदा शीतलचं बांधलेलं गाठोडं दिसलं. दुसऱ्याच दिवशी परवान्याचं कार्यालय गाठलं. वडखळच्या नाक्यावर एस.टी. पाऊण तास खोळंबली. तेवढ्यात चार ओळी सुचल्या, पण कागदावर उतरवल्या नाहीत. शपथ.

तिथले कारकून, जगन नावाचे, फार नम्र. मी त्यांना समजावलं की ज्वालामुखी हे रूपक आहे. ते म्हणाले, असेल सर, पण आमच्या यादीत रूपक नाही, स्फोटक आहे. नवा अर्ज करावा तर तीस दिवस. जुना शेरा बदलायचा तर साहेबांनी स्वतः जागेवर येऊन पाहायला हवं. साहेब पंचवीसला धाटावला येणार आहेत असं कळलं. मी हात जोडले, बाकावर चार तास बसून राहिलो, तेव्हा साहेब परतताना तुझ्याकडे डोकावतो म्हणाले.

त्या बाकावर मला एक कळलं. सगळ्या राज्याला उपाय सांगायला निघालेला मी, आणि एका बाईचा धंदा अडला तो माझ्याच शाईनं. ती अकरा पानं पाठवली नाहीत. त्यांच्या कोऱ्या बाजूवर आता वाणसामानाची यादी करतो.

पंचवीसला स्वागताला येऊ का? छोटंसं काहीतरी म्हणेन. बाराच ओळी झाल्यात.

जसा आहे तसा सांभाळून घे.

तुझा दादा,
शरद


रोहा,
दि. २ डिसेंबर २०२५

तीर्थरूप दादांस कृ. सा. न. वि. वि.

‘येऊ नकोस’ एवढंच लिहिलेलं माझं कार्ड तू मानलंस, उपकार झाले.

साहेब दुपारी दीडला आले, धाटावहून, उपाशीपोटी. ज्वालामुखी कुठाय, म्हणून विचारलं. हौसाने चूल दाखवली. त्यांनी वाकून पाहिलं, फायलीत पाहिलं, पुन्हा वाकून पाहिलं. तेवढ्यात शीतलने तव्यावरची भाकरी निखाऱ्यावर टाकली. टम्म फुगली, वास पडवीभर. साहेब म्हणाले, बघू तरी कशी लागते. हौसा म्हणाली, देते ना सायेब, पण परवाना नाय. बिनपरवान्याचं परक्याला खायला घातलं तर गुन्हा हाय ना? तुमच्याच कागदात लिवलंय.

साहेब हसले नाहीत. भाकरीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि पेन काढलं. मी चष्मा लावून शेरा वाचला: चूल आहे. भाकरी आहे. आकाश नावाचा इसम आढळला नाही. मंजूर.

मग सुक्या बोंबलाच्या चटणीशी तीन खाल्ल्या.

परवाना अठ्ठावीसला हातात आला. तीसला भट्टीचा ट्रक वाडीवर आला. मुकादमाने हाक मारली तेव्हा शीतल दारात उभी राहून म्हणाली, जावा तुमी, आमचीच कंपनी हाय आता.

काल पहिल्या तीनशे गेल्या. दोघींना काही उरकेना, म्हणून हौसाने मला पीठ चाळायला बसवलं. बाहत्तराव्या वर्षी मला नोकरी लागली, दादा! मालकीण कडक आहे, चाळताना बोललेलं खपत नाही. तुझ्यासाठीही शब्द टाकला. म्हणाली, तांदळाची पोती गिरणीत न्यायला जमत असेल तर येऊ दे गुरुजींना, पण शिफ्ट सकाळी सहाची हाय.

यापुढे मी पत्र रविवारीच लिहीन. लोभ असावा, पण कामाच्या वेळेत नको.

तुझी,
आनंदी